छपरावरची कच्ची पुट्टी

काचवाल्याला आयुष्यात एकाच गोष्टीचा गर्व होता. त्याने बसवलेली काच हलत नसे. दार आपटा, खिडकी वाऱ्याने भिंतीवर आदळू द्या, गल्लीतल्या पोरांचा चेंडू लागू द्या. काच फुटेल एक वेळ, पण चौकटीत खुळखुळायची नाही. बाकी माणूस साधा, अगदीच साधा. चार माणसांत बोलायची वेळ आली की हा घसा खाकरायचा आणि तेवढ्यात दुसरा कोणीतरी बोलून मोकळा व्हायचा. त्याची बायको म्हणायची, ह्यांच्या तोंडालाही कोणीतरी पुट्टी भरून ठेवलीय. सगळे हसायचे, तोही हसायचा. ते हसण्यावारी नेलेलं बोलणं पुढे किती खरं ठरलं, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

तो कापडगिरणीत कामाला होता. गिरणीत काचवाल्याचं काय काम, असं कोणी विचारलं की त्याला राग यायचा. अहो, मागखात्याचं छप्परच मुळी काचेचं. दोनशे माग एका छपराखाली, आणि छप्पर करवतीच्या दात्यांसारखं. प्रत्येक दात्याची एक बाजू पत्र्याची, दुसरी काचेची. काचेची बाजू अशी बेतलेली की दिवसभर आत उजेड यावा पण ऊन येऊ नये, कारण विणणाऱ्याला तुटलेला धागा दिसला पाहिजे आणि सूत तापता कामा नये. अशा काचा अठराशे चौसष्ट. हा आकडा त्याला स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्का पाठ होता, आणि बायको दरवर्षी एकदा तरी त्याला ते ऐकवायची.

त्याच्या आधी त्याचे वडील तिथेच काचवाले होते. पुट्टी घरची. खडूची भुकटी आणि जवसाचं तेल, तिसरी वस्तू नाही. कणकेसारखी मळायची, गोळा करून अंगठ्याने दाबून बघायची. कडा फाटली तर तेल कमी, अंगठ्याला चिकटली तर भुकटी कमी. काच चौकटीत दाबायची ती कडेकडेने, मध्ये बोट लावायचं नाही. वरून पुट्टीची धार चाकूच्या एकाच ओढीत काढायची. आणि मग तीन आठवडे थांबायचं. पुट्टीवर साय धरल्यासारखा थर आला की त्यावर रंग मारायचा, त्याआधी नाही. घाई केली तर रंगाला सुरकुत्या पडतात. वडील तर सुरकुतलेला रंग पाहिला की तो ज्याने लावला त्याच्याशी बोलणं टाकायचे. बाजारात पुढे डब्यातली तयार पुट्टी आली, काळपट, सिमेंटसारखी. सगळे ती वापरू लागले. काचवाल्याने ती एकदा हुंगली, नाक मुरडलं आणि डबा पुन्हा फळीवर ठेवून दिला.

मागखात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, हा त्याच्या बायकोचा थोरला भाऊ. दोनशे माग त्याच्या हाताखाली, आणि प्रत्येक मागाची खोड त्याला नुसत्या आवाजावरून कळायची. मागांच्या खडखडाटात उभा जन्म गेल्यामुळे तो घरीही ओरडूनच बोलायचा; जेवताना मीठ मागितलं तर शेजारी दारात येऊन उभे राहायचे. गडी मोठा रुबाबदार. बहिणीच्या नवऱ्याला मात्र तो मान द्यायचा, भाऊजी भाऊजी म्हणून चारचौघांत पुढे करायचा, आणि भाऊजी घसा खाकरून मागे सरायचे.

पुढे गिरणी बंद पडायची वेळ आली. कापड खपेना, मालक कंटाळले. पण एक आशा होती. दूरचा एक गिरणीवाला माग बघायला पुढच्या वर्षाअखेर येणार होता. माग सुस्थितीत असले तर तो गिरणी आहे तशी घेणार आणि त्याच माणसांना कामावर ठेवणार, असं बोलणं झालं होतं. सव्वा वर्ष माग कोरडे राहिले पाहिजेत, एवढीच अट. जॉबरने माणसं गोळा केली, दोनशेच्या दोनशे माग तेल-ग्रीस लावून, जाड कापडाची ढापणं घालून, बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसे गुंडाळून ठेवले. आणि छप्पर? छप्पर भाऊजींकडे.

काचवाल्याने जीव ओतून काम केलं. एकेक काच बोटाने वाजवून पाहिली. सहाशेच्या वर काचांची पुट्टी जुनी होऊन तडकली होती. ती सगळी खरवडून काढली आणि आपल्या हातची ताजी भरली. इतकी पुट्टी त्याने एका दमात कधी मळली नव्हती. तळहात महिनाभर जवसाच्या तेलाने वास मारत होते, आणि बायको म्हणाली, आता तुम्हाला वाटीत घालून तडका द्यायचा तेवढा बाकी आहे.

शेवटची काच बसली तेव्हा गिरणीला कुलूप लागायला तीन आठवडे होते. हिशोब बरोबर होता. तीन आठवड्यांनी रंग मारायचा आणि खाली उतरायचं. पण मालकांनी अचानक तारीख अलीकडे ओढली, येत्या शनिवारीच कुलूप. कचेरीतून निरोप आला, जे राहिलंय ते उरका.

आता रंगाचे डबे हाताशी होते. शिडी लावलेली होती. पाच दिवसांत सहाशे काचांना एक हात रंग मारणं काही डोंगर उचलणं नव्हतं. कुठलाही कामचुकार कारागीर काय करता? ब्रश फिरवून मोकळा झाला असता. रंगाला सुरकुत्या पडल्या असत्या, एवढंच. पण काचवाला वर गेला, पुट्टीवर नख लावून पाहिलं, ती अजून लोण्यासारखी मऊ होती, आणि त्याच्या हाताला ब्रश उचलवेना. वडिलांचं तोंड डोळ्यांपुढे आलं असणार. त्याने मनाशी ठरवलं, शुद्ध तेलाची पुट्टी आहे, उघड्यावरही दगडासारखी होईल, वर्षभराचाच तर प्रश्न आहे. रंगाचे डबे त्याने भांडारात परत करून टाकले. जॉबरने गेटवर विचारलं, काय भाऊजी, छप्पर कसंय? सव्वा वर्ष थेंब येणार नाही, असं काचवाला छातीठोकपणे म्हणाला. चारचौघांत एवढं मोठं वाक्य तो पहिल्यांदाच बोलला होता.

त्याची चूक काय झाली, ते कोणाच्याही लक्षात आलं नसतं. मलाही आधी पटलं नव्हतं. चाळीस वर्षं त्या छपराखाली दोनशे माग धडधडत होते. सुट्टीच्या दिवशीही निम्मे चालायचे. वर पत्र्यावर हात ठेवला तर कोपरापर्यंत मुंग्या यायच्या. त्या छपरावर कधी पाखरू बसलेलं कोणी पाहिलंच नव्हतं. वडिलांनी पाहिलं नव्हतं, त्याने पाहिलं नव्हतं. पुट्टी, तेल, रंग, थंडी, ऊन सगळं त्याला ठाऊक होतं. पण जवसाच्या तेलातली कच्ची पुट्टी पाखरं आवडीने खातात, हे त्याला कुठून कळणार? त्याचं छप्पर जन्मभर थरथरत होतं. आता ते पहिल्यांदाच गप्प झालं होतं.

त्याच्या घराची मागची खिडकी गिरणीकडे उघडायची. कुलूप लागल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्याला छपरावर कावळे दिसले. आधी पाच-सहा, मग ओळीने पंचवीस-तीस. त्याला मजाच वाटली. बायकोला बोलावून म्हणाला, बघ, नवी भरती झालीय, पहिली पाळी. ती पण हसली. कावळे वेळेवर यायचे, काचेच्या चौकटीवर बसायचे, मान वाकडी करायचे, खाली वाकायचे, चोच पत्र्यावर पुसायचे. गिरणीच्या मागे रानअंजिराची झाडं होती, तिथून उठून थेट इकडे. तो चहा पीत बघत बसायचा.

पाच महिने असे गेले. एके दिवशी गेटवरचा पहारेकरी रस्त्यात भेटला आणि म्हणाला, आत काहीतरी पडल्याचा आवाज आला बुवा, काचेसारखा. सहज बघून येतो, असं काचवाला म्हणाला, आणि बाहेरच्या लोखंडी शिडीने वर चढला.

वर जाऊन तो चौकटीशी गुडघ्यावर बसला. पुट्टीची जी धार त्याने एका ओढीत काढली होती, तिच्यावर चोचींच्या खुणा होत्या, लहान मुलाने पेन्सिलीने टोचावं तशा. कुठे बोटभर, कुठे वीतभर पुट्टी गायब. काही काचांच्या तीन-तीन बाजू मोकळ्या झालेल्या. त्याने एका काचेवर तळहात ठेवला. काच खुळखुळली. आणि सगळीकडे पांढरी शीट, शिटेत अंजिराच्या बारीक बिया. जुन्या, रंगवलेल्या पुट्टीला मात्र एकही चोच लागली नव्हती. शेजारच्या चौकटीवर बसलेला एक कावळा त्याच्याकडे बघत होता आणि उडायचं नाव घेत नव्हता.

पावसाला दोन महिने होते. त्याने तिथेच बसून हिशोब केला. वीस माणसं, चार शिड्या, बाजारातल्या त्या काळ्या पुट्टीचे डबे, वर रंग. दोन दिवसांचं काम. माणसांची वाण नव्हती. जॉबरकडे सगळ्यांचे पत्ते होते, दर रविवारी त्याच्या घरी बैठक भरायची, आणि त्याने हाक मारली असती तर वीस काय, दोनशे आले असते.

तो उतरला तो सरळ जॉबरच्या घरी गेला. हे त्याच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. सांगायचं म्हणूनच गेला होता. पण रविवार होता, खोली माणसांनी भरलेली, आणि जॉबर नेहमीच्या आवाजात सांगत होता, छपराची काळजी सोडा, छप्पर भाऊजींनी केलंय, त्याला बोट दाखवायला जागा नाही. तेवढ्यात भाऊजीच दारात. लोकांनी सरकून जागा दिली. एका म्हाताऱ्या विणकऱ्याने त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाला, तुमच्या जिवावर आमची चूल आहे. चहा आला. काचवाल्याने घसा खाकरला. दुसरा कोणीतरी बोलायला लागला. चहा संपला, आणि काचवाला घरी आला.

मग त्याने सगळी मूर्ख माणसं करतात ते केलं. एकट्याने निस्तरायला गेला. बायकोला कामाचं काहीतरी खोटं सांगून, पहारेकऱ्याला गोड बोलून, रोज सकाळी एक डबा घेऊन वर जायचा. अकरा सकाळी गेला. दिवसाला दहा-बारा काचा. अकराव्या सकाळी पाय घसरला, पत्र्यावरून घरंगळत पन्हाळीला अडकला, घोटा सुजून भोपळा झाला. पहारेकऱ्याने हात जोडले, म्हणाला, तुम्ही मराल आणि माझी नोकरी जाईल. तेव्हाही सांगता आलं असतं. जॉबर तर रोज त्याचा घोटा बघायला यायचा, उशाशी बसायचा, कुठे पडलात म्हणून विचारायचा. काचवाला म्हणाला, जिन्यात.

मग पाऊस आला. तो पलंगावर पाय उशीवर ठेवून पडला होता आणि मागची खिडकी त्याने बायकोला बंद करायला लावली होती. वारा येतो म्हणाला.

गिरणीवाला ठरल्यावेळी आला. जॉबरने इस्त्रीचा शर्ट घातला होता, दाढी दोनदा केली होती. त्याच्यामागे गेटबाहेर दीडशे-दोनशे माणसं उभी, बायका उभ्या, आणि काचवालाही उभा, काठी टेकून. दार उघडलं. सहाशेतल्या निम्म्या काचा खाली आल्या होत्या. जाड कापडाची ढापणं पावसाने भिजून फुगली होती आणि पाणी धरून बसली होती. जॉबरने पहिल्या मागाचं ढापण ओढलं तर ते हातात फाटून आलं, आणि आत माग लाल. ग्रीसवर मातीचा थर, त्यावर शेवाळ. ताण्याच्या सुतातून नेच्यांची पानं वर आलेली. चौथ्या मागाच्या सांध्यात रानअंजिराचं रोपटं, वीतभर, चार तुकतुकीत पानांचं. गिरणीवाल्याने एकदा वर पाहिलं, एकदा खाली पाहिलं, जॉबरशी हात मिळवला आणि गाडीत जाऊन बसला. सगळं मिळून दहा मिनिटंही लागली नाहीत.

जॉबर त्या रोपट्यापाशी कितीतरी वेळ उभा होता. मग बाहेर आला आणि गेटवर उभं राहून म्हणाला, हे मालकांनी फोडलंय. जमिनीला भाव आलाय, त्यांना माग नकोच होते. भाऊजींनी केलेलं छप्पर असं पडतं का? सगळ्यांना ते लगेच पटलं. मालक काही संत नव्हतेच. म्हाताऱ्या विणकऱ्याने शिव्या दिल्या, बायकांनी तळतळाट केला. सगळं खापर आयतं दुसऱ्याच्या डोक्यावर फुटलं होतं. काचवाल्याने मान खाली घातली, तर लोकांना वाटलं, बिचाऱ्याच्या कामाची माती झाली. दोघा-तिघांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात त्याला जन्मभर पाठीवर जाणवत राहिला.

वस्ती वर्ष-दोन वर्षांत रिकामी झाली. जो तो मिळेल त्या गावी पांगला. विणकरी म्हातारा मुलीकडे गेला आणि तिथेच वारला. जॉबर गेला नाही. गिरणी पुन्हा चालू होईल म्हणून आधी थांबला, मग थांबायची सवय लागली म्हणून. एका गोदामात माल मोजायचं काम करायचा, तिथेही ओरडून बोलायचा. मालकांवर त्याने अर्ज केले, वकील गाठले, पंधरा वर्षं त्या एका गोष्टीच्या मागे हात धुऊन लागला की छप्पर कोणी फोडलं ते सिद्ध करायचं. काचवाला त्याच्याबरोबर कचेऱ्यांत जायचा, बाकावर शेजारी बसायचा, त्याची छत्री धरायचा. एकदा तर साक्ष द्यायला उभा राहिला. छप्पर मी स्वतः केलं होतं, चांगलं केलं होतं, एवढंच बोलला. दोन्ही वाक्यं खरी होती.

आणि मागच्या खिडकीतून तो गिरणीकडे बघत राहिला. बायको होती तोवर खिडकी बहुधा बंद असायची. ती गेल्यावर त्याने ती उघडली आणि मग उघडीच ठेवली. वीतभर रोपटं पुरुषभर झालं, मग छपराला टेकलं, मग एका वर्षी छपराच्या वर आलं. उरलेल्या काचा त्या झाडाने आतून ढकलून पाडल्या. काचवाल्याने जन्मभर जे केलं, ते हे झाड एकेक करून उलटं करत होतं, आणि कसलीही घाई न करता. पत्र्यावर वेली चढल्या. पन्हाळीत गवत उगवलं. धुराड्यावर घारीने घरटं केलं. पुढे पुढे लोक कॅमेरे घेऊन यायला लागले. एक बाई त्याच्या खिडकीखाली उभी राहून म्हणाली, किती सुंदर आहे हो, तुम्हाला रोज बघायला मिळतं. काचवाला हो म्हणाला. काय करणार? सुंदर होतंच ते. त्याचाच तर त्याला सगळ्यात जास्त त्रास व्हायचा.

पंचवीस वर्षांनी नगरपालिकेने ती जागा घेतली. माग भंगारात काढायला झाडं तोडावी लागली असती, म्हणून माग तिथेच ठेवायचे, मधून पायवाट काढायची आणि लोकांना फिरायला रानबाग खुली करायची, असं ठरलं. जॉबरने हे ऐकलं आणि निरोप धाडला, भाऊजी, लोकांच्या आधी मला एकदा आत न्या.

जॉबरच्या डोळ्यांना तोवर फक्त उजेड-अंधार कळत होता. एका सकाळी काचवाल्याने त्याला घरून घेतलं. जॉबरने त्याचं कोपर धरलं आणि दोघे म्हातारे त्या दारातून आत गेले. आत हिरवा उजेड होता आणि ओलसर गार वाटत होतं. वरती पाखरांचा नुसता कलकलाट. जॉबर हसला, म्हणाला, दाजीबा, आवाज परत सुरू झाला की. दाजीबा असं तो त्याला फक्त खुशीत असला की म्हणायचा. मग त्याने हात पुढे करून पहिला माग चाचपला, फणीची जागा, खटक्याची जागा, गंजाचे पापुद्रे बोटांनी खाली पाडले, आणि मोठ्याने म्हणाला, एक. चार पावलांवर दोन. चार पावलांवर तीन. चौथा माग सापडेना. हाताला खोड लागलं, दोन माणसांच्या कवेत न मावणारं, आणि त्या खोडाने माग अर्धा गिळलेला.

"मालकांनी लावलेलं झाड," जॉबर म्हणाला. "आता तर सगळे मेले. सिद्ध काही झालं नाही."

काचवाल्याने घसा खाकरला. पाखरांशिवाय मध्ये बोलायला दुसरं कोणी नव्हतं.

"दादा, छप्पर मालकांनी नाही फोडलं."

मग त्याने सगळं सांगितलं. मऊ पुट्टी, परत केलेले रंगाचे डबे, कावळे, अकरा सकाळी, जिना. सांगायला फार वेळ लागला नाही, आणि त्याचंच त्याला आश्चर्य वाटलं. जॉबर खोडावर हात ठेवून ऐकत होता. शेवटी त्याने विचारलं ते आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात.

"तुम्ही वर जाऊन पाहिलंत तेव्हा पावसाला किती दिवस होते?"

"दोन महिने."

"दोन दिवसांचं काम होतं."

"हो."

काचवाल्याला वाटलं आता तो ओरडेल, आणि त्याने ओरडावं असं त्याला फार वाटत होतं.

"कावळे मीही पाहिले होते," जॉबर म्हणाला. "माझ्या गच्चीतून दिसायचे. एकदा मनात आलं, हे टोचतायत तरी काय. शिडी लावून बघावं म्हटलं. मग म्हटलं, भाऊजींच्या खिडकीतून छप्पर माझ्यापेक्षा जवळ दिसतं. काही असतं तर भाऊजी बोलले असते."

एवढं बोलून त्याने काचवाल्याचं कोपर सोडलं. वळला, आणि तिसऱ्या मागावर हात टेकून दाराच्या दिशेने एकटाच निघाला. त्याला वाट दाखवावी लागत नव्हती. मनातल्या मनात मोजत, चार पावलं, माग, चार पावलं, माग, असा चालत राहिला. पण येताना काचवाल्याने त्याला ज्याच्या कडेने वळवून आणलं होतं ते दाराजवळचं दुसरं झाड आता बरोबर त्याच्या समोर होतं. त्याच्या वेळी तिथे झाड नव्हतं.

"दादा, थांबा," काचवाला मोठ्याने म्हणाला. "पुढे झाड आहे. उजवीकडून जा."

जॉबर थांबला. मग उजवीकडून गेला. हात मात्र त्याने मागे केला नाही.